निळ्या कोटातले गृहस्थ

काकांच्या घराला बेल नव्हती. पूर्वी होती, पण तिची वायर त्यांनी स्वतःच कापून टाकली होती. दार वाजवायलाही बंदी होती. दाराच्या वरच्या फटीतून सुतळीचं एक टोक बाहेर लोंबत असे. ते हळूच ओढायचं. आत त्या सुतळीला एक लाल रुमाल बांधलेला होता. तो हलायचा, आणि काकांचं लक्ष गेलं तर दार उघडायचं. लक्ष गेलं नाही तर उभं राहायचं. एकदा मी चाळीस मिनिटं उभी होते. मला काही वाटलं नाही. बेल वाजवणं आणि आतून आलेल्या 'कोण आहे'ला उत्तर देणं मला लहानपणापासून नकोसं वाटतं. कुणाच्या घरात शिरायची इतकी सोयीची रीत मला तोवर कुठे मिळाली नव्हती.

हा सगळा बंदोबस्त एका चित्रासाठी होता.

नौपाड्यात आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर ते एकटे राहायचे. आतल्या खोलीत, जिथे ऊन कधीच पोचत नाही अशा भिंतीवर ते चित्र होतं. पांढऱ्या केसांचा टोप घातलेले, फिकट निळ्या कोटातले पन्नाशीचे एक युरोपियन गृहस्थ. हातात एक छोटंसं रेखाचित्र, दोन बोटांत अगदी कोपऱ्याला धरलेलं, आत्ता परत करायचं असल्यासारखं. काका त्यांना 'गृहस्थ' म्हणायचे. "आज गृहस्थ बरे आहेत." "गृहस्थांना हवा मानवत नाहीये." पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं, आत कुणीतरी आजारी माणूस आहे.

मी त्यांच्याकडे गेले ती माझ्या शाळेमुळे. माझे बाबा त्यांना औषधाच्या दुकानात भेटले होते. काकांनी विचारलं, "मुलगी इंग्लिश मीडियमची ना तुमची? मग फ्रेंच येत असेल." आठवी ते दहावी मार्कांसाठी घेतलेलं माझं फ्रेंच, पण बाबांनी अभिमानाने हो म्हटलं. त्या शनिवारी मला त्यांच्यासमोर बसवलं गेलं. त्यांनी चित्र भिंतीवरून काढलं, पलंगावर आडवं ठेवलं, मग दोन्ही हातांनी एक बाजू जेमतेम वीतभर उचलून धरली आणि म्हणाले, "वाक आणि वाच. हात लावू नकोस. श्वास बाजूला सोड."

मागच्या पुठ्ठ्यावर शाईने लिहिलेली चिठ्ठी होती. माणसाचं नाव कसरीने खाल्लं होतं. सालाचे पहिले दोन आकडे, एक आणि सात, एवढेच उरले होते. खाली दोन शब्द मला लागले. एक म्हणजे खडूचं चित्र, आणि दुसरा म्हणजे चित्रं जमवणारा.

मी तेवढं सांगितलं. काका जमिनीवर बसले. जरा वेळाने म्हणाले, "म्हणजे हे स्वतः चित्रं गोळा करायचे. मला वाटलंच होतं. हातातला कागद बघ कसा धरलाय. आवडलाय तो त्यांना, पण विकणाऱ्याला कळू द्यायचं नाहीये." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्यासारखेच आहेत."

त्या दिवसापासून मी 'मिस' झाले. "ये मिस." "बस मिस." अडीच वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नाही.

काका वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कंपनीत शेड मॅचिंगला होते. गिऱ्हाईक कापडाचा किंवा पत्र्याचा तुकडा पाठवायचं, आणि त्याच्याशी तंतोतंत जुळणारा रंग तयार करायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. कंपनी कधीतरी परदेशी मालकांची होती, हे चित्र त्यांच्या केबिनमध्ये लागलेलं होतं. कंपनी बंद झाली तेव्हा सगळ्यांना निरोपाची भेट म्हणून स्टीलचा डिनर सेट मिळाला. काकांनी सेट परत केला आणि चित्र मागितलं. साहेबांना ते जुनं कॅलेंडर वाटलं होतं. काका ते दोन्ही हातांत आडवं धरून वागळे इस्टेटपासून नौपाड्यापर्यंत चालत आले.

चालत का, तर रिक्षा हादरते. हे चित्र पेस्टलचं, म्हणजे कोरड्या रंगीत खडूचं होतं. काका म्हणायचे, "तैलरंग चिकटलेला असतो. हा नुसता बसलेला आहे, फुलपाखराच्या पंखावर बसतो तसा. उठून जायला त्याला कारण लागत नाही." म्हणून दारांच्या चौकटींना आतून फ्लॅनेलच्या पट्ट्या. म्हणून घरात सर्वांनी मोज्यांवर चालायचं. म्हणून मिक्सर गोधडीच्या चार घड्यांवर. विसर्जनाच्या दिवशी खालून डीजे जायचा तेव्हा ते गृहस्थांना पलंगावर तीन उशांवर निजवायचे आणि स्वतः खिडकीशी उभे राहून दोन्ही तळवे काचेवर दाबून धरायचे. एका वर्षी एक तावदान मी धरलं होतं आणि एक त्यांनी. तळव्यांखाली काच थरथरत होती. "सोडू नकोस," ते म्हणत होते. खालून कुणीतरी शेजारी ओरडला, "काय काका, पाहुणे झोपलेत का?" काका मानेनेच हो म्हणाले.

दर शनिवारी ते टॉर्च घेऊन काचेच्या खालच्या कडेला किती रंग पडलाय ते बघायचे. बहुतेक वेळा काहीच नसायचं. कधी निळे दोन कण दिसायचे. त्या दिवशी ते जेवायचे नाहीत.

माझं काम पत्रं लिहिण्याचं होतं. परदेशातल्या म्युझियमना लिहायचं, की असं असं चित्र आमच्याकडे आहे, हे गृहस्थ कोण ते ओळखून सांगा. त्यांना एवढंच हवं होतं. विकायचं नव्हतं, द्यायचं नव्हतं. "ज्याच्याबरोबर तीस वर्षं राहिलो त्याचं नाव माहीत नाही, हे बरं नाही," ते म्हणायचे. कुठूनतरी नाव येईल, याची ते वाट बघत होते.

ते मराठीत सांगायचे, मी फोनवर इंग्लिशमध्ये ईमेल लिहायचे.

"लिही. डोळे भिजवलेल्या मेथीदाण्याच्या रंगाचे. डावी पापणी उजवीपेक्षा जराशी खाली. आवडलेलं लपवताना माणसाची एकच पापणी खाली येते."

मी लिहायचे, डोळे ब्राउन आहेत, चेहरा प्रसन्न आहे.

"कोटाचा निळा म्हणजे धुऊन धुऊन उरलेला निळा. शाळेच्या शर्टाचा खिसा उसवला की आत जो राहिलेला असतो ना, शेड कार्डावर त्याच्याहून दोन घर फिका."

मी लिहायचे, लाइट ब्लू कोट.

"झालं? एवढ्यात?"

"इंग्लिशमध्ये कमी शब्द लागतात काका."

त्यांनी ते खरं मानलं. इंग्लिशबद्दल त्यांना आदर होता. खरं कारण असं होतं, की मला लाज वाटायची. मेथीदाणे आणि शाळेचा खिसा वाचून पलीकडचं माणूस हसेल, असं वाटायचं. शाळेत आम्हाला औपचारिक पत्राचा नमुना शिकवला होता. विषय, महोदय, मुद्दा, आभार. त्यात पापणी कुठे बसवायची ते मला कळायचं नाही. मला ते इंग्लिशमध्ये मांडताही आलं नसतं, हे दुसरं कारण. ते मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

उत्तरं यायची. सभ्य, दोन ओळींची. कृपया छायाचित्र पाठवा.

"नाही," काका म्हणायचे. "फोटोत हा निळा मरतो. मग ते कुणा भलत्याच माणसाला ओळखतील."

"पण फोटोशिवाय ते सांगू शकत नाहीत काका."

"शब्दांत सांगितलंय की सगळं. नीट वाचा म्हणावं."

एकदा ते चहा टाकायला आत गेले असताना मी फोन वर केला होता. गृहस्थ स्क्रीनवर आले, कोट जरा राखाडी दिसत होता. मी फोन खाली ठेवला. त्या घरात त्यांचं ऐकणारी मी एकटीच होते, म्हणून.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सोसायटीच्या कागदावर सगळ्यात शेवटची सही काकांची झाली. त्यांचा मुलगा डोंबिवली वेस्टला खाडीच्या बाजूला नवीन टॉवरमध्ये राहत होता. तो चांगला माणूस आहे. वडिलांवर कधी आवाज चढवत नाही. फक्त बोलताना तो त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघतो. तो म्हणाला, "बाबा, चौदाव्या मजल्यावर डीजे ऐकूच येत नाही. टेम्पो आणतो रविवारी."

टेम्पो हा शब्द ऐकून काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मिस, रांगोळी काढता येते का तुला?"

"थोडीशी."

"एक तोंड काढ. माणसाचं."

त्यांनी त्याच मापाची एक खोटी फ्रेम बनवली होती. काळा खरखरीत कागद, वर बोटभर अंतर सोडून काच. त्या कागदावर मी रांगोळीने एक गोल तोंड काढलं, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके दिले, एक नाक, एक रेघ ओठांची. काकांनी काच बसवली आणि आम्ही दोघं ती फ्रेम चार गुडघ्यांवर आडवी घेऊन रिक्षात बसलो. गृहस्थांना ज्या रस्त्याने न्यायचं तो रस्ता आधी रांगोळीवर तपासून बघायचा होता.

"हळू घ्या," काका म्हणाले.

"अंडी आहेत का?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

"रांगोळी आहे."

"काढलेली?"

"हो."

त्याने आरसा जरा खाली वळवून फ्रेमकडे बघितलं. मग म्हणाला, "काका, लोक घरी पोचल्यावर काढतात."

"तुम्ही पुढे बघा."

"पुढेच बघतोय. याच्यापेक्षा स्लो गेलो ना, तर मागचा डंपर आपल्या तिघांची रांगोळी काढेल."

मला हसू आलं. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि माझं हसू तिथेच थांबलं. माजिवड्याला मेट्रोचं काम चालू होतं, रस्त्यावर लोखंडी पत्रे टाकलेले. त्या पत्र्यांवरून रिक्षा गेली आणि आमच्या माणसाचा उजवा डोळा सरकून गालावर आला. काकांनी तिथेच रिक्षा थांबवली. आम्ही उतरलो आणि काकांनी वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या शनिवारी मुंब्रा बायपासने गेलो, टॅक्सीने. तोंडाचं काहीच उरलं नाही. तिसऱ्या वेळी रविवारी सकाळी सहाला निघालो, माजिवड्याला पत्रे चुकवून पुलावरून गेलो, आणि माणकोलीला वळून खाडीवरच्या नव्या पुलाने डोंबिवलीत उतरलो. काकांनी टॉर्च लावला. दोन्ही डोळे जागेवर होते. नाकाच्या शेंड्यावरून थोडी रांगोळी गेली होती. "नाक चालेल," ते म्हणाले. परत येताना मला वडापाव घेऊन दिला.

खरा प्रवास त्याच रस्त्याने झाला. मुलाने गाडी आणली होती. मागच्या सीटवर मी आणि काका, मांडीवर उशी, उशीवर गृहस्थ, वर धुतलेलं धोतर. मुलगा वीसच्या वर गेला नाही. मागून हॉर्न वाजत होते, पण तो शांत होता, हे माझ्या लक्षात राहिलंय. डोंबिवलीला पोचल्यावर काकांनी धोतर बाजूला केलं, टॉर्च फिरवला, पुन्हा फिरवला. एक कण पडला नव्हता. काका हसले. मोठ्याने, तोंड उघडून. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या सुनेने, शिरा केला होता. काकांनी तो दोनदा मागून घेतला.

वहिनी एका शाळेत शिकवतात. घर नीट ठेवणाऱ्या, पटापट बोलणाऱ्या. त्यांनी घरातले सगळे दरवाजे हळू लावायला दोन्ही मुलांना शिकवलं. गृहस्थांसाठी बेडरूमची भिंत रिकामी करून दिली, तिथला त्यांच्या लग्नाचा फोटो हॉलमध्ये नेला. हे मी मुद्दाम लिहितेय.

मी आता नोकरीला लागले होते. महिन्यातून एखादा शनिवार जायचे. चौदाव्या मजल्यावर डीजे खरंच ऐकू येत नव्हता, पण खाडीची ओल येत होती. त्या पावसाळ्यात कपाटातले चामड्याचे पट्टे पांढरे झाले. ऑगस्टमध्ये काकांना न्युमोनिया झाला आणि ते बारा दिवस हॉस्पिटलमध्ये होते.

सातव्या की आठव्या दिवशी, दुपारी, मला ऑफिसमध्ये वहिनींचा फोन आला.

"अगं, बाबांच्या चित्राला बुरशी धरलीय बघ. काचेच्या आतून. पांढरे ठिपके आलेत तोंडावर. त्यांनी येऊन पाहिलं तर पुन्हा ॲडमिट करावं लागेल."

"हो का," मी म्हणाले.

"म्हणून मी काय म्हणते, ते येण्याआधी मी ते लॅमिनेट करून आणते. आमच्या इथे फ्रेमवाला आहे, छान करतो, लाकडाच्या बोर्डवर, सोनेरी कडा करून देतो. माझ्या आईच्या फोटोचं त्यानेच केलंय. एकदा लॅमिनेशन झालं की ओल नाही, धूळ नाही, कायमची काळजी मिटली. कुठेही लावा. त्यांनाही जरा मोकळं फिरता येईल घरात. पण तुला त्यातलं कळतं म्हणून विचारतेय. करू ना?"

लॅमिनेशन म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्या घरात माझ्या आजोबांचा फोटो आहे, माझी दहावीची मार्कशीट आहे, दत्ताची तसबीर आहे. कागदावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा ठेवतात आणि गरम रोलरने दाबतात. जे जे जपायचं ते आपल्याकडे लोक असंच जपतात.

मी पॅन्ट्रीत उभी होते. माझ्या मागे दोघं जण कॉफीसाठी थांबले होते. नाही, हा एक शब्द होता. मी तो म्हणायला तोंड उघडलं. मग मनात आलं, की मी कोण, त्यांच्या घरातली वस्तू, त्या मोठ्या, त्या इतकं करतात सासऱ्यांचं, आणि मी महिन्यातून एकदा येऊन चहा पिऊन जाणारी. आणखी एक गोष्ट मनात आली होती. ती लिहिल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. एका क्षणापुरतं मला वाटलं, की संपेल एकदाचं. ती पत्रं, तो टॉर्च, ते मोजे.

"तुम्हाला योग्य वाटेल तसं करा वहिनी," मी म्हणाले.

"चालेल ना पण?"

"तुम्ही बघा. मी काय सांगणार."

त्यांनी फोन ठेवला. मी कॉफी घेतली आणि जागेवर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत चार वेळा नंबर काढला. पाचव्यांदा मेसेज टाइप केला, पुसला. दुसऱ्या दिवशीही वेळ होता. फ्रेमवाल्याने चार दिवसांनी केलं, हे मला नंतर कळलं.

काका घरी आल्यावर दोन आठवड्यांनी मी गेले. दार वहिनींनी उघडलं. आत टीव्ही मोठ्याने लागला होता. काका बाथरूममधून बाहेर आले, मागे दार धाडकन आपटलं. त्यांच्या पायांत चपला होत्या.

"ये मिस," ते म्हणाले. बारीक झाले होते.

चित्र हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, लग्नाच्या फोटोशेजारी लावलं होतं. सोनेरी कडेच्या आत चकचकीत प्लॅस्टिक होतं. त्याखाली कोट गडद झाला होता, ओला झाल्यासारखा. चेहरा रोलर गेला त्या दिशेला ओढला गेला होता. डोळ्यांच्या जागी तपकिरी रंगाचे दोन फराटे कानापर्यंत गेले होते. खालची दोन बोटं तेवढी नीट होती.

वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. काकांनी ते पाहिलं तेव्हा त्या समोरच होत्या. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "छान झालंय. चकचकीत झालंय." वहिनींना आनंद झाला. फ्रेमवाल्याने जुन्या चित्राचा रंग थोडा हलतोच असं सांगितलं होतं, तेच त्यांनी सासऱ्यांना सांगितलं. ते हो म्हणाले. तीन दिवसांनी ते घरात चपला घालून फिरायला लागले तेव्हा, चित्राचं काय झालं ते वहिनींना कळलं. "मी मग इंटरनेटवर वाचलं," त्या म्हणाल्या. "पेस्टलचं काय असतं ते." त्यांनी डोळे पुसले नाहीत. कांदा चिरत होत्या, तो चिरून संपवला.

मी बाहेर येऊन काकांजवळ बसले. त्यांनी टीव्ही बंद केला.

"मिस, ती पत्रं आहेत का गं तुझ्याकडे? म्युझियमला लिहिलेली?"

"आहेत, फोनमध्ये."

"वाच. मराठीत वाच. गृहस्थ कसे होते ते मला ऐकायचंय."

मी पहिलं पत्र उघडलं. समोर लिहिलं होतं, डोळे ब्राउन, चेहरा प्रसन्न, कोट लाइट ब्लू. सगळी पत्रं तशीच होती. अडीच वर्षांची सतरा पत्रं, आणि त्यांत एक माणूस नव्हता.

मी फोनकडे बघत बोलायला लागले. "डोळे भिजवलेल्या मेथीदाण्याच्या रंगाचे आहेत. डावी पापणी उजवीपेक्षा जराशी खाली आहे." काकांनी डोळे मिटले. मी बोटाने स्क्रीन सरकवत राहिले, वाचतेय असं दिसावं म्हणून. शाळेच्या शर्टाचा उसवलेला खिसा, टोपाच्या पांढऱ्यात कानाशी मिसळत गेलेला राखाडी, अंगठ्याच्या नखावरचा तो एक पांढरा ठिपका, जो उजेड होता की चुकून पडलेला खडू हे त्यांना कधी ठरवता आलं नाही. मला सगळं पाठ होतं. जे लिहिलं नव्हतं ते सगळं मला शब्दाशब्दाने आठवत होतं. मध्ये एकदा त्यांनी मला थांबवलं. "दोन घर नाही. तीन घर फिका. तू दोन लिहिलंस का?"

"तीन लिहिलंय काका. चुकून वाचलं."

"हं. वाच."

अर्धा तास झाला असेल. वहिनी चहा घेऊन आल्या आणि दाराशी थांबल्या. काका डोळे मिटूनच बोलले.

"नशीब, तू लिहून ठेवलंस. त्या लोकांकडे तरी आहे सगळं." मग आवाज खाली आणला, पण ऐकू जाईल इतकाच. "तिला बोलायचं नाही हं मिस. तिला काय ठाऊक. तिने चांगल्यासाठी केलं. तू जवळ असतीस तर थांबवलं असतंस."

वहिनी ट्रे घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"हो काका," मी म्हणाले.

वहिनींनी चहा ठेवला. काकांच्या कपात साखर कमी, माझ्या कपात जास्त, हे त्यांच्या लक्षात होतं. बिस्किटं विसरली म्हणून त्या परत आत गेल्या.

निघताना त्या मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. लिफ्ट खालून वर येत होती. त्या आकड्यांकडे बघत होत्या.

"मी त्यांना सांगितलं नाहीये, तुला फोन केला होता ते."

"वहिनी, मी..."

"राहू दे. माझ्यावर ते चिडत नाहीत, चहा घेतात, जेवतात. माझं केलेलं त्यांनी गिळलं. तुझं त्यांना गिळता येणार नाही." लिफ्टचं दार उघडलं. "पुढच्या शनिवारी ये. वाच त्यांच्यासमोर. ऐकताना बरे दिसत होते."

मी जात राहिले. दर शनिवारी, चार महिने. त्यांना तीच पत्रं पुन्हा ऐकायची असत. कुणी पाहुणे असले की ते माझी ओळख करून द्यायचे. फिजिओथेरपीवाला, मुलाचे मित्र, समोरच्या फ्लॅटमधल्या आजी. "ही मिस. ही त्या दिवशी इथे असती ना, तर झालं नसतं ते." लोक माझ्याकडे आदराने बघायचे आणि मग, नकळत, वहिनींकडे. वहिनी कामात असायच्या. एकदाही त्यांनी मान वर केली नाही.

जानेवारीत काका गेले. तेराव्याला त्यांच्या मुलाने मला पंगतीत आपल्या शेजारी बसवलं. तो पहिल्यांदाच भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघून बोलला. म्हणाला, "बाबांचा तुमच्यावर फार विश्वास होता." वहिनी वाढत वाढत आमच्यापर्यंत आल्या होत्या. त्यांना ते ऐकू गेलं. त्यांनी नवऱ्याच्या पानात वाढलं, मग माझ्या पानात वाढलं, आणि विचारलं, "अजून हवंय का काही?"

मी मान हलवून नाही म्हटलं. त्या पुढच्या पानाकडे गेल्या.